रिमांड होमचा खर्च कोण करते? बेळगाव सीमाभागातील पालकांचे आणि संस्थांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, तसेच कारवार आणि बिदर या भागांतील मराठी कुटुंबांतला एखादा मुलगा गुन्ह्याच्या प्रकरणात सापडला, की घरच्यांसमोर कायद्याच्या प्रश्नांबरोबरच पैशाचेही प्रश्न उभे राहतात. अशा मुलांना ठेवण्याच्या गृहांना सरकार पैसा कसा देते, तो कशावर खर्च होतो आणि कशावर होत नाही, याविषयी पालक, शिक्षक आणि स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आपण ज्याला ‘रिमांड होम’ म्हणतो ते कायद्याच्या भाषेत कोणते गृह?

‘रिमांड होम’ हा शब्द बोलण्यात राहिला असला, तरी आजच्या कायद्यात तो नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यानुसार चौकशी चालू असताना मुलाला ज्या ठिकाणी ठेवतात ते निरीक्षणगृह होय, आणि गुन्हा सिद्ध झाल्यावर बाल न्याय मंडळाच्या (अशा मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या मंडळाच्या) आदेशाने जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत ज्या ठिकाणी ठेवतात ते विशेष गृह होय. १६ ते १८ वयोगटातील मुलांवर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास, किंवा १८ वर्षे ओलांडलेल्या व्यक्तीचे प्रकरण तिच्या अल्पवयातील गुन्ह्याबद्दल असल्यास, ‘सुरक्षित स्थान’ नावाची तिसरी सोय असते. कर्नाटकात निरीक्षणगृहाच्या फलकावर कन्नडमध्ये ‘वीक्षणालय’ असे लिहिलेले असते. ‘बालमंदिर’ हे मात्र अनाथ, हरवलेल्या किंवा निराधार मुलांसाठीचे गृह आहे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पालक चुकीच्या दारात तिष्ठत बसतात, म्हणून तो आधीच सांगितला.

अशी गृहे काढण्याची आणि चालवण्याची जबाबदारी कोणत्या सरकारची?

कर्नाटक सरकारची. कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात, किंवा काही जिल्हे मिळून, निरीक्षणगृह स्थापन करणे राज्य सरकारवर बंधनकारक आहे. ते गृह सरकार स्वतः चालवू शकते किंवा स्वयंसेवी संस्थेमार्फत चालवून घेऊ शकते. कलम ४८ मध्ये विशेष गृहांबाबत अशीच तरतूद आहे, तर कलम ४९ प्रमाणे सुरक्षित स्थान राज्यात किमान एक असले की पुरते. हे ‘किमान एक’ सीमाभागाला महागात पडते, कारण राज्याच्या वायव्य किंवा ईशान्य टोकाला राहणाऱ्या आईवडिलांना मुलाची भेट घ्यायची म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवून प्रवास करणे आले.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यामुळे येथील मुलांना मुंबई इलाख्याचा १९२४ चा बालकायदा आणि १९२९ चा बोर्स्टल शाळांचा (तरुण गुन्हेगारांना सुधारण्यासाठी ठेवण्याच्या शाळांचा) कायदा लागू होता. त्या काळचे बोर्स्टल धारवाडला होते. जुन्या पिढीतील काही लोक अजूनही ‘धारवाडला पाठवतील’ अशी धास्ती घालतात, ती त्या आठवणीतून आलेली असावी.

या गृहांसाठीचा पैसा नेमका कोठून येतो?

मुख्य वाटा ‘मिशन वात्सल्य’ या केंद्रपुरस्कृत योजनेतून येतो. पूर्वी हीच योजना ‘एकात्मिक बाल संरक्षण योजना’ या नावाने ओळखली जात होती. कर्नाटकासारख्या राज्यात खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी असते. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी ती ९०:१० आहे. देशभरासाठी केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद २०२४-२५ साठी १४७२ कोटी रुपये होती आणि २०२५-२६ साठी १५०० कोटी रुपये करण्यात आली. या रकमेत केवळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची गृहे नसून निराधार मुलांची गृहे, दत्तकविषयक कामे, प्रायोजकत्व, १०९८ ही मदतवाहिनी आणि जिल्हा पातळीवरचे कर्मचारीही येतात, हे विसरता कामा नये.

पैशाचा मार्ग साधारणपणे असा असतो: जिल्हा बाल संरक्षण कक्ष (कन्नड फलकावर ‘मक्कळ रक्षणा घटक’) आपली गरज कळवतो, महिला व बालविकास खाते राज्याचा वार्षिक आराखडा तयार करते, दिल्लीतील प्रकल्प मान्यता मंडळ तो तपासून मंजूर करते आणि त्यानंतर केंद्राचा व राज्याचा हिस्सा योजनेच्या एकाच नोडल खात्यात जमा होऊन तेथून जिल्ह्याकडे येतो. जिल्ह्यात या सर्वांवर देखरेख जिल्हाधिकाऱ्यांची, म्हणजे आपण ज्यांना ‘डीसी’ म्हणतो त्यांची असते. सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यांचे अधिकार आणखी वाढवले आहेत.

एका मुलामागे सरकार किती रुपये देते, आणि ते पुरतात का?

मिशन वात्सल्यमध्ये गृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलामागे दरमहा ३,००० रुपये निर्वाह अनुदान ठरले आहे. पूर्वी ते २,१६० रुपये होते. ६०:४० च्या हिशेबाने त्यातील १,८०० रुपये केंद्राचे आणि १,२०० रुपये कर्नाटकाचे होतात. कर्मचाऱ्यांचे मानधन, इमारत आणि कार्यालयीन खर्च यांचे शीर्षक वेगळे असते. निर्वाह अनुदानातून मुख्यतः जेवण, कपडे, अंथरूण-पांघरूण, साबण-तेल अशा गोष्टी भागवायच्या असतात.

महिन्याचे तीस दिवस धरले तर दिवसाला शंभर रुपये होतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दोन वेळचे पोटभर जेवण, सकाळची न्याहारी, दूध आणि आठवड्यातून काही वेळा अंडी द्यायची ठरवली, तर ही रक्कम हात आखडता घेऊनच वापरावी लागेल, हे बेळगावच्या बाजारात भाजी आणि डाळ विकत घेणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही.

त्याहून महत्त्वाची अडचण वेगळी आहे. निर्वाह अनुदान डोक्यांच्या मोजणीवर मिळते, परंतु गृहाचा खरा खर्च डोक्यांवर अवलंबून नसतो. निरीक्षणगृहात या महिन्यात बावीस मुले असतील तर पुढच्या महिन्यात नऊ असू शकतात, कारण मुले जामिनावर सुटतात आणि नवी येतात. मानधनाचे शीर्षक वेगळे असले, तरी मुले नऊ असोत की बावीस, रात्रपाळीचा रखवालदार, स्वयंपाकी, समुपदेशक आणि अधीक्षक ठेवावेच लागतात. मुले कमी होणे ही वास्तविक चांगली गोष्ट आहे, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचाच उपाय असावा हे तत्त्व कलम ३ मध्येच लिहिलेले आहे. तथापि अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या वहीत तीच गोष्ट तूट म्हणून दिसू शकते. निधीची आकारणी करणाऱ्यांनी या विसंगतीकडे लक्ष द्यायला हवे, असे या लेखकाचे मत आहे.

मंजूर झालेला पैसा उशिरा का पोहोचतो?

पुढचा हप्ता मागच्या हप्त्याच्या हिशेबावर अवलंबून असतो. जिल्ह्याने उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि लेखापरीक्षित हिशेब दिल्याशिवाय वरून पैसे सुटत नाहीत. एका जिल्ह्याचे कागद अडले तर राज्याचा एकत्रित प्रस्तावही रखडू शकतो. वार्षिक आराखड्याला मान्यता मिळेपर्यंत आर्थिक वर्षाचे सुरुवातीचे महिने निघून जातात. या काळात किराणा दुकानदाराची उधारी वाढत राहते आणि बहुतेक पदे कंत्राटी असल्यामुळे कर्मचारी दुसरीकडे नोकरी शोधू लागतात.

मुलाच्या राहण्या-जेवणाचे पैसे घरच्यांना भरावे लागतात का?

नाही. मंडळ शिक्षा म्हणून दंड ठोठावू शकते आणि तो पालकांना भरावयास सांगू शकते, मात्र तो गृहातील वास्तव्याचा आकार नव्हे.

जामिनाचा आणि सरकारी खर्चाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. कलम १२ प्रमाणे मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवायही सोडणे हा नियम आहे. सोडल्यास तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, असे सकारण वाटले तरच मंडळ जामीन नाकारू शकते. जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांना ही तरतूद ठाऊक नसते, आणि मूल आठवडेच्या आठवडे आत राहते. चौकशी चार महिन्यांत संपवावी असेही कायदा सांगतो. विलंबाचा प्रत्येक महिना म्हणजे त्या मुलाच्या शाळेचा बुडालेला महिना, आणि त्याच वेळी सरकारच्या खर्चात तीन हजारांची वाढ.

आमच्या मुलाला कन्नड नीट येत नाही. मराठी जाणणारा कर्मचारी किंवा दुभाषी देण्यासाठी निधी असतो का?

सीमाभागात हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सुनावणीपुरते पाहिले तर कायदा स्पष्ट आहे. कलम ८(३)(ड) प्रमाणे कामकाजाची भाषा मुलाला कळत नसेल, तर पात्र दुभाषी किंवा भाषांतरकार उपलब्ध करून देणे हे मंडळाचे कर्तव्य आहे आणि त्याचे शुल्क नियमांप्रमाणे दिले जाते. म्हणजे दुभाष्याचा भार कुटुंबावर पडत नाही. खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मुलाला बाजारापुरते कन्नड येत असले, तरी ‘तू हे कबूल करतोस का?’ या प्रश्नाला कन्नडमध्ये मान डोलावणे आणि तो प्रश्न समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून पालकांनी पहिल्याच तारखेला, ‘मुलाची भाषा मराठी आहे, दुभाषी हवा’ असे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरची परिस्थिती पाहून जो सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत देतो, त्याच्या भेटीच्या वेळी आईशी मराठीत बोलणारे कोणी हजर आहे ना, हेही पाहावे. त्या अहवालावर पुष्कळ काही ठरते.

सुनावणी मात्र महिन्यातून एखाद्या दिवशी असते. उरलेले एकोणतीस दिवस मूल गृहात असते आणि तेथे त्याच्याशी बोलणारा समुपदेशक, शिकवणारा शिक्षक, रात्री ताप आला तर विचारपूस करणारा काळजीवाहक यांची भाषा कोणती, याचे उत्तर निधीच्या तक्त्यात सापडत नाही. पदे मोजली जातात, पदावरच्या माणसाची भाषा मोजली जात नाही. मराठी माध्यमातून नववीत शिकणाऱ्या मुलाला गृहातील वर्गात कन्नड पाठ्यपुस्तक मिळाले, तर कागदावर शिक्षणाची सोय झालेली असते आणि प्रत्यक्षात त्याचे वर्ष वाया गेलेले असते.

यावर एक वाट कायद्यातच आहे. कलम १०५ राज्य सरकारला ‘बाल न्याय निधी’ उभारण्याचा अधिकार देते, आणि २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत या निधीच्या उपयोगांमध्ये समुपदेशक, भाषांतरकार, दुभाषी, विशेष शिक्षक यांच्या सेवा गरजेनुसार घेण्याचा उल्लेख आहे. सीमाभागातून होणाऱ्या मागण्या बहुधा ‘नवी इमारत द्या’ अशा असतात. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस येणारा मराठी शिक्षक आणि मराठी बोलणारा समुपदेशक या निधीतून द्यावा, अशी नेमकी मागणी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे केली, तर ती कमी खर्चाची आहे, कायद्याला धरून आहे, आणि भाषिक वादाचा रंग न लागता मंजूर होण्याची शक्यताही अधिक आहे.

तक्रार अर्ज मराठीत द्यावा का, असेही विचारले जाते. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, तेव्हा मराठी अर्ज नाकारता येत नाही. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी मात्र त्या अनुच्छेदात नाही. काम लवकर व्हावे अशी इच्छा असेल, तर सोबत कन्नड प्रत जोडणे शहाणपणाचे.

मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातला आहे आणि निपाणीत पकडला गेला. त्याला महाराष्ट्रातील गृहात पाठवता येते का? प्रवासखर्च कोणाचा?

कलम ९५ प्रमाणे मूल दुसऱ्या ठिकाणचे रहिवासी असल्यास, चौकशी करून आणि तेथील मंडळाशी विचारविनिमय करून त्याचे हस्तांतरण करता येते. सोबत जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचा प्रवासभत्ता आगाऊ देण्याचे नियम राज्य सरकारने करावेत, असेही त्याच कलमात म्हटले आहे. विशेष गृहात असलेल्या मुलाला राज्याबाहेरील गृहात हलवायचे झाल्यास कलम ९६ लागू होते. तेथे मंडळाची शिफारस, कर्नाटक सरकारचा आदेश आणि महाराष्ट्र सरकारशी सल्लामसलत या तिन्ही गोष्टी लागतात. हस्तांतरणामुळे मुक्कामाचा एकूण कालावधी वाढत नाही.

निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे. त्यामुळे निपाणीचेच रहिवासी असलेले पालकही ‘कोल्हापूरला ठेवा’ अशी विनंती करतात. मूल विशेष गृहात असल्यास, अंतर हा त्याच्या हिताचा भाग म्हणून कलम ९६ खाली ही विनंती मांडता येते, पण दोन राज्यांच्या सचिवालयांतून फिरणारा कागद किती दिवस घेईल याचा विचार आधी करावा.

महाराष्ट्र सरकार सीमाभागातील ८६५ गावांसाठी योजना राबवते. मग येथील गृहांना ते निधी का देत नाही?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या गावांतील रहिवाशांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तेव्हापासून हा प्रश्न अधिक विचारला जातो. आरोग्य योजनेत पैसा व्यक्तीच्या उपचाराला मिळतो. गृहाची बाब वेगळी आहे, कारण त्याची नोंदणी, तपासणी आणि मुलांचा ताबा हे सर्व त्या त्या राज्य सरकारच्या वैधानिक अधिकारात येते. बेळगावसाठी कायद्यातील ‘राज्य सरकार’ या शब्दाचा अर्थ कर्नाटक सरकार असाच होतो. सर्वोच्च न्यायालयातील २००४ च्या सीमादाव्याचा निकाल काहीही लागो, तोपर्यंत मुलाच्या जेवणाची मागणी बेंगळुरूकडेच करावी लागेल.

प्रत्येक तालुक्यात छोटे निरीक्षणगृह काढण्यासाठी निधी मिळू शकेल का?

कायद्याचा एकक जिल्हा आहे, तालुका नाही. अथणी किंवा रामदुर्ग येथून बेळगाव दूर पडते हे खरे. तरीही तालुक्याच्या गृहात एका वेळी दोन-तीनच मुले असतील, आणि तेवढ्यांसाठी पूर्ण कर्मचारीवर्ग कोणतेही खाते मंजूर करणार नाही. आदर्श नियमांत पंचवीस मुलांच्या शयनकक्षाला एक हजार चौरस फूट जागा धरली आहे, त्याशिवाय वर्गखोली, आजारी मुलांची खोली, कार्यशाळा, ग्रंथालय असा मोठा पसारा अपेक्षित आहे. यापेक्षा व्यवहार्य उपाय कलम ५१ मध्ये आहे. एखादी चालू संस्था मुलाला विशिष्ट कारणासाठी तात्पुरते सांभाळण्यास योग्य आहे असे चौकशीअंती मंडळाला वाटले, तर ते तिला ‘योग्य सुविधा’ म्हणून मान्यता देऊ शकते.

आमच्या संस्थेला असे गृह चालवायचे आहे. अनुदानासाठी काय लागते?

प्रथम कलम ४१ खालील नोंदणी लागते, मग अनुदान मिळो वा न मिळो. अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी तात्पुरती नोंदणी देणे अपेक्षित आहे, आणि महिन्यात प्रमाणपत्र मिळाले नाही तर अर्जाची पोचच तात्पुरती नोंदणी मानली जाते. त्यामुळे पोच जपून ठेवावी. पूर्ण नोंदणी पाच वर्षांसाठी असते. नोंदणीशिवाय गृह चालवल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. अनुदानासाठी संस्थेची नोंद नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरही असावी लागते. पहिला हप्ता येईपर्यंत काही महिने स्वतःच्या बळावर तग धरण्याची तयारी नसेल, तर या कामात पडू नये.

साखर कारखाने आणि कंपन्या देणग्या देऊ शकतात का?

देऊ शकतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि मुलांचे शिक्षण व कौशल्य प्रशिक्षण त्यात बसते. सीमाभागातील सहकारी कारखान्यांना ते कलम लागू नाही. त्यांची देणगी ऐच्छिक असते. बाल न्याय निधीतही कोणालाही देणगी देता येते.

देणगीसोबत छायाचित्रकार मात्र आणू नये. चेअरमनसाहेबांच्या वाढदिवशी वह्यावाटप करून मुलांसह काढलेला फोटो वर्तमानपत्रात देणे हा कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. मुलाची ओळख उघड करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

पैसा योग्य ठिकाणी खर्च होतो का, हे कोण तपासते?

बाल न्याय मंडळाने महिन्यातून किमान एकदा या गृहांना भेट द्यायची असते. जिल्हा तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असून, भेट देणाऱ्या पथकात किमान तीन सदस्य असावेत व त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, असे कलम ५४ सांगते. अहवाल आठवड्यात द्यायचा आणि त्यावर महिन्याभरात कार्यवाही करायची असते. समितीतील एकालाही मराठी येत नसेल, तर मराठी मुले तिच्याशी काय बोलणार, हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांकडे मांडण्याजोगा आहे.

गृहातून बाहेर पडल्यावर मुलाला आर्थिक मदत मिळते का?

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गृह सोडणाऱ्या मुलासाठी कलम ४६ मध्ये अनुवर्ती सेवेची तरतूद आहे. मिशन वात्सल्यमध्ये या मदतीचा दर दरमहा ४,००० रुपये असून ती साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. म्हणजे मुलाला बाहेर उभे करण्यासाठीचा दर आत ठेवण्याच्या निर्वाह अनुदानापेक्षा जास्त आहे, तरीही या मदतीसाठीचे अर्ज फारच थोडे पालक करतात, कारण सुटकेच्या दिवशी त्यांना ते कोणी सांगत नाही. सुटकेच्या महिनाभर आधी परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटून वैयक्तिक देखभाल योजनेत ही मदत लिहून घ्यावी.

आमच्या जिल्ह्यातील गृहाला किती निधी मिळाला, हे कसे कळेल?

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दहा रुपये शुल्कासह अर्ज करावा. तक्रार अर्जापेक्षा येथे नियम वेगळा आहे: हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये, करावा लागतो. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, एवढीच मुभा आहे. म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता, संपलेल्या आर्थिक वर्षात मंजूर रक्कम, हप्ते जमा झाल्याच्या तारखा, महिनावार मुलांची संख्या, भरलेली व रिकामी पदे, आणि दुभाष्यांना दिलेले शुल्क एवढेच मागावे. मुलांची नावे मागू नयेत, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. दुभाष्यांच्या शुल्कासमोर शून्य आले, तर ते उत्तर मराठी शिक्षक व समुपदेशकाच्या मागणीच्या अर्जाला जोडावे.